बेगमची मागची चाकं

"निसर्गाच्या समस्त शक्ती आज मानवाच्या मुठीत आलेल्या आहेत. या पृथ्वीतलावर माणसाला अडवील अशी एकही वस्तू आता शिल्लक उरलेली नाही!"

दत्तराव एवढं बोलले आणि गाडी थांबली.

हळूहळू थांबली असंही नाही. मागून कोणीतरी शेपूट धरावं तशी थांबली. दत्तरावांचं कपाळ पुढच्या काचेला लागलं, त्यांची टोपी माझ्या मांडीवर आली आणि मागे हौद्यात बसलेल्या सतरा माणसांनी "आलं ठिकाण" म्हणून मुकाट्यानं चपला काढल्या.

"मास्तर, 'शिल्लक उरलेली नाही' इथपर्यंत लिहून घ्या," दत्तराव म्हणाले, आणि टोपी घालून गाडी ढकलायला खाली उतरले.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतरची. मी तेव्हा धामणपिंपरीच्या शाळेत मास्तर होतो आणि दत्तरावांची भाषणं लिहून काढणं हे माझं शाळेबाहेरचं, आणि खरं सांगायचं तर शाळेच्या वेळेतलंही, काम होतं. दत्तराव गावातले मोठे जमीनदार. विहिरीवर इंजिन, ओसरीवर रेडिओ आणि डोक्यात विज्ञान. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा गावात पेढे वाटणारे ते एकटेच. लोकांनी पेढे घेतले आणि विचारलं, "कोण पास झालं?"

त्यांची गाडी म्हणजे एक जुनाट पिकअप. पुढे तीन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. निजामाच्या अमदानीत ती कोण्या जहागीरदाराची शिकारीची गाडी होती म्हणे. त्यानंतर तिचे इतके मालक झाले की कागदपत्रांची चळत गाडीपेक्षा जड होती. तिचं नाव बेगम. ते कोणी ठेवलं ते माहीत नाही, पण ती कोणाचं ऐकत नसल्यामुळे कोणी बदललंही नाही.

बेगम चालवायचा आश्रुबा. हा दत्तरावांचा जुना सालगडी. योग्य शिक्षण दिलं तर कोणताही माणूस कोणतंही यंत्र चालवू शकतो, असा दत्तरावांचा सिद्धांत होता आणि तो सिद्ध करायला त्यांनी आश्रुबाला औतावरून उचलून स्टिअरिंगवर बसवलं. सिद्धांत बराचसा खरा निघाला. पंचवीस वर्षं बैलांच्या मागं चाललेला माणूस आता कुठं माणसांच्या पुढं बसायला लागला होता. लोक त्याला 'डायवर' म्हणायचे. पहिल्यांदा कोणी तशी हाक मारली तेव्हा तो ओ द्यायचं विसरून नुसता ऐकत राहिला होता.

गाडी आली त्याच दिवशी दत्तरावांनी फर्मान काढलं. "या गाडीला लिंबू-मिरची, काळी बाहुली, घोड्याचा नाल, नारळ, काहीही दिसता कामा नये. दिसलं तर माझ्याशी गाठ आहे!" 'दिसता' या शब्दावर त्यांनी फार जोर दिला. गावानं तो शब्द नीट ऐकून घेतला.

दसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. दसऱ्यानंतर एक दिवस मानवतला जाताना, गावापासून चौदा किलोमीटरवर, बाभळीच्या ओढ्यातून वर चढताना बेगम थांबली. इंजिन चालू, पण मागची चाकं जागची हलेनात. माणसांनी पुढं ढकलून पाहिलं. हूं नाही की चूं नाही. चाकांपाशी जळका वास येत होता आणि ती इतकी तापली होती की एका म्हाताऱ्यानं पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा चाकाच्या लोखंडाला लावून भाजून घेतल्या. गाडी घसरू नये म्हणून आश्रुबानं चाकामागं आपला दगड लावला.

या दगडाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं गाडी उभी केली की चाकाला दगड लावतात. दुसरी काही पद्धत असते हे आमच्या ऐकिवात नव्हतं. पण आश्रुबाचा दगड साधा नव्हता. सोनपेठच्या बाजाराला गेला असताना गोदावरीच्या पात्रातून त्यानं तो हुडकून आणला होता. काळा, तिकोनी, एका बाजूनं सपाट, आणि चाकाखाली असा चपखल बसणारा की आश्रुबा म्हणायचा, "ह्यो दगड घडवतानाच देवाला बेगम ठावी आसंल."

तर त्या दिवशी ढकलून ढकलून सगळे घामाघूम झाले आणि शेवटी कंटाळून, दगड काढून, मागं ढकललं. सात पावलं मागं गेल्यावर आतून कट् असा आवाज झाला आणि चाकं सुटली. माणसं टुणटुण चढली, गाडी निघाली, गडबडीत दगड मात्र तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी आश्रुबा दगड आणायला गेला तर दगडाला शेंदूर लागलेला. वर झेंडूचं फूल.

"आता ह्येला उचलू कसा?" तो हळहळत परत आला. "लय चांगला दगड व्हता हो मास्तर."

शेंदूर लावणारा मुंजाजी. मुंजाजी गावचा भगत. त्याच्या अंगात यायचं, आणि न आलेल्या दिवशीही तो त्याच आवाजात बोलायचा. त्यानं उलगडा करून सांगितला, "जागा कडक हाय. देवाम्होरून जाताना पाठ दावून जायचं नसतंय. सात पावलं मागं सरायचं, मुजरा करायचा, मंग जायचं. गाडीला कळलं, तुमाला कळंना."

एकदा हे कळल्यावर कोणाची काही तक्रार उरली नाही. गाडी थांबली की चपला काढायच्या, सात पावलं मागं ढकलायचं, हात जोडायचे, बसायचं.

पंधरा दिवसांनी गाडी ओढ्यापर्यंत पोचेचना. अकराव्या किलोमीटरलाच थांबली. तिथंही आश्रुबानं दगड लावला, तोही दुसऱ्या दिवशी शेंदरी झाला. मग आठव्या किलोमीटरला. मग पाचव्या. आश्रुबाचे चांगले चांगले दगड देवाघरी जायला लागले. परतीच्या वाटेवर गाडी कुठं कुठं थांबायची ते वेगळंच. पण ते शेजारच्या गावांचे देव झाले, त्यांची नोंद आम्ही ठेवली नाही.

आमच्या बाजूची मात्र मी ठेवली होती. हजेरीपटाच्या मागच्या पानावर तारीख आणि अंतर असे दोन रकाने होते. चौदा, अकरा, आठ, पाच. मुंजाजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हा रकाना त्यानं बरोबर वाचला.

"देव गावाकडं यायलाय," तो म्हणाला.

गावात एकच खळबळ उडाली. वेशीवर आंब्याच्या पानांची कमान बांधली गेली. देव आल्यावर उतरणार कुठं यावरून दोन भावक्यांत बोलाचाली झाली. आणि गाडी न अडता जावी म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या परीनं, आपापल्या देवाला, गुपचूप साकडं घातलं.

ज्या दिवशी दत्तरावांचं कपाळ काचेला लागलं तो शुक्रवार आणि ते ठिकाण गावापासून दोन किलोमीटरवर होतं.

दत्तरावांचा राग खरा होता. रविवारी मानवतच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. विषय 'विज्ञानयुग आणि ग्रामीण मन'. पण गाडीतल्या देवाची बातमी मानवतच्या आडतीपर्यंत जाऊन पोचली होती, आणि वाचनालयाच्या मंडळींनी निरोपात खोचकपणे लिहिलं होतं की, 'आपण येताना सात पावले मागे येणार की पुढे, तेवढे कळवावे, म्हणजे खुर्ची त्याप्रमाणे मांडता येईल.'

गाडी ढकलून, धोतराची धूळ झटकून, दत्तराव आश्रुबासमोर उभे राहिले.

"रविवारी गाडी मानवतला गेली पाहिजे. वाटेत एकदा जरी थांबली, तर सोमवारी ती भंगारवाल्याच्या दारात उभी करीन, आणि तू परत बैलांकडं. मास्तर, लिहून घ्या!"

मी भाषणाच्याच कागदावर, 'शिल्लक उरलेली नाही'च्या खाली, लिहून घेतलं.

आश्रुबानं गाडी तिथूनच वळवून गावात आणली आणि दत्तरावांच्या दारापुढं उभी केली, तिथं ती अशी आवळून बसली की मागंही जाईना, पुढंही जाईना. मग तो गोठ्यात गेला. त्याचे जुने बैल तिथं होते. त्यांनी त्याला ओळखलं. ते त्याला सहन झालं नसावं, कारण त्याच दुपारी तो चालत मानवत रोड स्टेशनला गेला, रेल्वेत बसला आणि शनिवारी सकाळी चुडाव्याच्या भुजंग मिस्त्रीला घेऊन परत आला.

भुजंग बारा वर्षं फौजेत गाड्यांची कामं करून आलेला. बोलणं कमी, हत्यारांची पेटी मोठी. त्यानं गाडीला लांबून एक फेरी मारली आणि हात लावणार तोच मुंजाजी आडवा आला.

"मिस्त्री, पायताण काढून हात लावा. गाडीत देव बसलाय."

"बसला आसंल तर उतरवून घ्या," भुजंग म्हणाला. "तपासताना वजन नको."

"तुमचा इश्वास न्हाई का?"

"आमच्या आईनं, केशरबाईनं, छप्पन साली देव्हारा उचलला आन् नदीत सोडला. तवापासून घरात काई बिघडलं तर आमी पाना घेतो."

"आन् पान्यानं न्हाई झालं तर?"

"मोठा पाना."

मुंजाजी जरा बाजूला सरकला. भुजंगनं आश्रुबाला खुणेनं बोलावलं.

"कवापासून धरायलीय?"

"दसऱ्यापासून."

"आधी किती दूर जायाची, आता किती?"

मी हजेरीपट पुढं केला. आयुष्यात पहिल्यांदाच माझा हजेरीपट कोणीतरी नीट वाचत होतं. भुजंगनं रकान्यावरून बोट फिरवलं.

"चौदा, अकरा, आठ, पाच, दोन, आन् आता जागची हालंना. म्हंजी एकदम न्हाई बिघडलं. कोन तरी थोडं थोडं आवळायलंय."

"देव," मुंजाजी म्हणाला.

"कोनबी आसू," भुजंग म्हणाला. "पद्धतशीर हाय."

मग त्यानं पुढच्या चाकांना हात फिरवला. चाकं मोकळी होती. "पुढची बेकसूर हायत," त्यानं निकाल दिला. मागची बाजू जॅकवर उचलली आणि चाक हातानं फिरवून पाहिलं. फिरेना. आश्रुबानं जोर लावला. दत्तरावांनी, विज्ञानासाठी म्हणून, जोर लावला. चाक ढिम्म.

एव्हाना सगळं गाव जमलं होतं. भुजंगनं हात पुसत समजावून सांगितलं, आणि ते त्यानं दत्तरावांना न सांगता आश्रुबाला सांगितलं हे मला आवडलं. "हे बग डायवर. पायाखालचा ब्रेक तेलावर चालतो. तू पाय दाबला की तेल नळीतून जातं, चाकाच्या आतले लायनर फाकवतं, चाक धरतं. आता चाक धरून बसलंय. मंग आपुन इचारायचं, धरलंय कुनी? तेलानं धरलं आसंल तर तेलाला वाट करून दिली की चाक सुटंल. न्हाई सुटलं, तर धरणारा दुसरा हाय."

त्यानं चाकामागचं तेल सोडायचं बारकं निप्पल पान्यानं ढिलं केलं. दोन-चार थेंब तेल आलं. भुजंगनं चाक फिरवलं.

फिरलं नाही.

"तेल बेकसूर," भुजंग म्हणाला.

गर्दीत कुजबूज झाली. एकेक जण निर्दोष सुटत होता आणि दोष कोणाचा ते कळत नव्हतं. दत्तराव माझ्या कानात म्हणाले, "बघा मास्तर, ही शास्त्रीय पद्धत. हे भाषणात घ्या." मी घेतलं.

भुजंग केबिनपाशी गेला. सीटच्या बाजूला एक लोखंडी दांडा होता, त्याला आश्रुबाची भाकरीची फडकी लटकत होती.

"ह्ये काय हाय?"

"भाकर अडकवायचा दांडा," आश्रुबा म्हणाला.

"ह्येला हँडब्रेक म्हणतेत."

"काय करतोय त्यो?"

"गाडी उभी केली की वढायचा. म्हंजी गाडी घसरत न्हाई."

"त्येला आमी दगड लावतो की," आश्रुबा म्हणाला. त्याच्या आवाजात उगाचच कोणीतरी दुहेरी काम केल्याची नाराजी होती.

"ह्या दांड्यापासून एक तार खालून मागच्या दोन्ही चाकायला जाते. तार ताणली की तेच लायनर फाकतेत. तेल नको, काई नको." भुजंगनं दांडा हलवून पाहिला. "दांडा तर सुटलेलाच हाय. वरून कुनी वढला न्हाई. म्हंजी तार खालूनच कुठंतरी ताणलीय."

त्यानं गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरला.

फक्त भुजंगचे दोन पाय बाहेर दिसत होते आणि तेही हलत नव्हते. मग आतून शांतपणे प्रश्न आला.

"आश्रुबा, हितं खाली किती लोक ऱ्हातेत?"

आणि एक हात बाहेर आला. हातात लाल कपड्यात बांधलेला एक नारळ होता.

हातानं नारळ जमिनीवर ठेवला, आत गेला आणि दुसरा घेऊन आला. मग तिसरा. गाडीच्या पोटाखालच्या त्या एकुलत्या एका सडपातळ तारेला, ओळीनं, पडवळाच्या वेलाला लागावेत तसे नारळ लागले होते. बाकीच्या नळ्या जाड, ग्रीसनं बरबटलेल्या, तापणाऱ्या. मधली ही तार मात्र स्वच्छ, रिकामी, काहीच काम नसलेली. नवसाला अशीच जागा लागते. एकेका खड्ड्याला नारळ झोकांड्या खायचे, तारेला हिसका बसायचा, लायनर आणखी फाकायचे. मागं ढकललं की तात्पुरते सुटायचे. आणि गाडी जितकी अडायची तितके ती अडू नये म्हणून नारळ वाढायचे.

पहिला लाल नारळ पाहून आश्रुबा आपल्या बायकोकडं, कमलबाईकडं वळला. चोळीच्या खणाचा तो तुकडा त्यानंच मानवतहून आणला होता.

"तू?"

"दसऱ्याला बांधला," कमलबाई म्हणाली. "तुमची डायवरची शिट शाबूत ऱ्हावी म्हणून. मालक म्हणले दिसू न्हाई. खाली बांधू न्हाई आसं कुठं म्हणले व्हते?"

आश्रुबा तिला रागं भरणार होता, पण तेवढ्यात बाहेर आलेला दुसरा नारळ त्याच्याच मुंडाशाच्या पट्टीत होता, त्यामुळे तो गप्प बसला.

तिसऱ्याला हळद माखलेली होती. सगळ्यांनी मुंजाजीकडं पाहिलं.

"आता लोकायला सांगायचं आन् आपुन बांधायचा न्हाई, आसं बरं दिसतं का?" मुंजाजी म्हणाला.

चौथा ग्रामसेवकाचा, तो सरकारी लाल फितीत होता आणि गाठ इतकी पक्की की कोणाला सुटेना, शेवटी कापावी लागली. एक नारळ दवाखान्याच्या बँडेजात नीट गुंडाळलेला होता, आयोडीनचा वास येत होता. ज्या दोन भावांचं बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं त्यांचे दोन नारळ एकाच गाठीत निघाले; अंधारात एकमेकांच्या सुतळीला सुतळी लागली असणार. दोघांनी ते पाहिलं आणि दोन वेगळ्या दिशांना बघायला लागले. एक नारळ फळा पुसायच्या फडक्यात होता. गावात शाळा एकच आणि फळाही एकच असल्यामुळे त्या नारळाचा तपास पुढं नेण्यात कोणाला रस वाटला नाही.

दर नारळामागं भुजंग बाहेर हात काढून चाक फिरवून पाहायचा. आठव्याला चाक जरासं हललं. दहाव्याला अर्धा फेरा झाला. अकरावा नारळ बाहेर आला आणि चाक एका बोटानं गरगर फिरलं.

अकरावा नारळ खादीच्या पांढऱ्या रुमालात होता. रुमालाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं 'द' काढलेला होता.

भुजंग गाडीखालून बाहेर आला, गोणपाटावर बसला आणि त्यानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. दत्तराव रुमालाकडं असे बघत होते, जणू तो चंद्रावरून आणलेला आहे.

"हा... हा नर्मदाबाईंचा उद्योग दिसतोय," ते म्हणाले. नर्मदाबाई म्हणजे त्यांचं कुटुंब. त्या ओसरीवर बसून हे सगळं बघत होत्या.

"मला वरीस झालं खाली वाकता येत न्हाई," नर्मदाबाई ओसरीवरून म्हणाल्या. "गुडघा धरलाय. तुमीच तर तेल लावून देताव."

दत्तरावांनी घसा साफ केला. त्यांनी तो इतका वेळ साफ केला की लोकांना वाटलं व्याख्यान इथंच होतंय.

"तो एक प्रयोग होता," ते शेवटी म्हणाले. "नारळ बांधल्यानं गाडीवर काही परिणाम होतो की नाही, हे मला प्रत्यक्ष पाहायचं होतं."

"परिणाम तर झाला की मालक," भुजंग म्हणाला.

यावर कोणी हसलं नाही, कारण प्रत्येकाचा त्यात एक एक नारळ होता.

मुंजाजीनं परिस्थिती सावरली. तो म्हणाला, देव गावात यायला निघाला होता, तो काल रातीच पोचला, आता गाडी अडायचं कारण उरलं नाही. सगळ्यांनी ते मानलं. भुजंगनं ती तार दोन्ही टोकांनी सोडवली, वेटोळं करून खांद्यावर टाकली.

"ही न्यायलोय," तो आश्रुबाला म्हणाला. "ताणून ताणून बाद झालीय. नवी मिळाली की बसवून देतो. तवर उभी करताना दगड लाव."

"न्हाई, पर तार ऱ्हाऊ दिली आसती तर—"

"ऱ्हाऊ दिली तर परत बांधचाल," भुजंग म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं चुडाव्याला निघून गेला. आलेल्या माणसानं जाताना देवाबद्दल एक शब्द काढला नाही. मुंजाजीला त्याचंच फार लागलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. केबिनमध्ये आश्रुबा, दत्तराव आणि मी. हौद्यात तीच सतरा माणसं. दोन किलोमीटरवर पहिला शेंदरी दगड आला. हौद्यातल्यांनी सवयीनं चपला काढल्या. गाडी थांबली नाही. पाचव्यालाही नाही. आठव्या किलोमीटरच्या दगडापाशी बाजूच्या वस्तीवरची माणसं आरतीचं ताट घेऊन उभी होती. आम्ही त्यांच्या पुढ्यातून निघून गेलो आणि ती ताट घेऊन थोडं अंतर पळत आली. आश्रुबा स्टिअरिंगला असा चिकटला होता की जणू हात सैल केला तर सगळं निसटून जाईल. चढावर गाडीचा वेग कमी झाला की तो "चल गं माय, चल गं" म्हणायचा. दत्तराव खिडकीबाहेर बघत होते. दर दगडाला त्यांचे दोन्ही हात शालीखाली कुठंतरी एकत्र यायचे, ते मला दिसलं, पण मी लिहून घेतलं नाही.

बेगम मानवतच्या वाचनालयापुढं जाऊन उभी राहिली तेव्हा आश्रुबानं चाकाला एक वीट लावली, उकिडवा बसला आणि पदर नाही म्हणून धोतराच्या सोग्यात तोंड घालून जरा वेळ तसाच राहिला.

व्याख्यान दणक्यात झालं. "या पृथ्वीतलावर माणसाला अडवील अशी एकही वस्तू आता शिल्लक उरलेली नाही!" या वाक्याला टाळ्या पडल्या, कारण या वेळी खरोखरच काही अडलं नाही. मग दत्तरावांनी ब्रेकचा किस्सा सांगितला. एक एक कारण कसं तपासलं, तेल कसं निर्दोष ठरलं, तारेपर्यंत शोध कसा पोचला. अंधश्रद्धेचे दहा नारळ निघाले असं त्यांनी सांगितलं. मी मनातल्या मनात मोजले, आणि त्यांनी अकरावा गाळला म्हणून माझाही गाळला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. अध्यक्षांनी आभार मानताना त्यांना मराठवाड्याच्या नवजागृतीचा अग्रदूत म्हटलं आणि हार घातला.

ऊन कलायच्या आत आम्ही परत निघालो. हार दत्तरावांच्या गळ्यातच होता. बाभळीचा ओढा जवळ आला तसे ते म्हणाले,

"आश्रुबा, पुढं उतारावर, त्या दगडापाशी जरा थांबव."

आश्रुबानं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

"थांबव म्हणतो ना!"

"न्हाई मालक. वाटंत एकदा जरी थांबली तर सोमवारी भंगारात आन् मी बैलांकडं, आसं तुमचं वाक्य हाय. मास्तरांनी लिवून घेतलंय."

"ते जाताना."

"मास्तर, वाचून दावा. 'जाताना' हाय का त्यात?"

मी कागद काढला आणि वाचून दाखवलं. नव्हतं.

"आरं, ओढा आला!"

"यायलाय की."

"न्हाई विकत गाडी! जलमभर तूच चालव! थांबव बाबा आता!"

"मास्तर, लिवून घ्या," आश्रुबा म्हणाला. मी लिहून घेतलं, त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून खात्री केली, आणि मगच आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर आपल्या स्वतःच्या पायानं ब्रेक दाबला. गाडी ओढ्याच्या उतारावर उभी राहिली. हौद्यातल्या सतरा जणांना फार बरं वाटलं. त्यांनी चपला काढल्या आणि उतरून हात जोडून, डोळे मिटून उभे राहिले.

दत्तरावांनी शालीखालून खादीच्या रुमालातला नारळ काढला.

"प्रयोग अर्धवट सोडणं शास्त्राला धरून नाही, मास्तर," ते म्हणाले. "बोलल्याप्रमाणे गाडी पोचली. तेव्हा आता ते... पूर्ण करावं लागतं."

त्यांनी पायातले बूट काढले, दोन्हीकडं कोणी येत नाही ना ते पाहिलं, आणि उताराच्या खालच्या अंगाला, आमच्या समोरच, त्या काळ्या तिकोनी दगडापुढं जाऊन उभे राहिले. नारळ वाढवला. दगडावर पाणी शिंपडलं. मग गळ्यातला नवजागृतीचा हार काढून दगडाला घातला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ मिटलेले राहिले. अकरा नारळांनी अडलेली आणि एका मिस्त्रीनं सोडवलेली बेगम आता इतकी मोकळी झाली होती की आश्रुबानं पायानं कितीही दाबून धरलं तरी जरा पाय सैल पडला की बोटबोट पुढं सरकत होती. त्यानं दांड्याकडं पाहिलं. दांड्याला भाकरीची फडकी होती, दांड्याखाली तार नव्हती. पायाला गोळा आला तसं त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शक्य तितक्या अदबीनं हाक दिली,

"मालक, तुमचं झालं आसंल तर तेवढा आमचा दगड इकडं द्या. गाडी तुमच्याकडंच सरकायलीय."